मदतीची पिशवी आणि गटावरचा फोटो

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. मी बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील आहे, आग्रीपाड्यात राहते आणि एका बँकेत नोकरी करते. आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे प्रार्थनास्थळाचे, नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचे आहे ते ओळखतीलच. गेल्या वर्षी तरुणांची प्रतिनिधी म्हणून मला कार्यकारी समितीवर घेण्यात आले. समितीत मी एकटीच स्त्री आहे. पेसाखच्या सणाआधी आम्ही समाजातील एकवीस गरजू घरांना एकेक पिशवी देतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर आणि सरबतासाठी मनुका असे तिच्यात असते. यंदा प्रत्येक पिशवी देताना फोटो काढला गेला आणि रात्री ते सगळे फोटो समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर आले. त्यात एक काका होते. ते गिरणीत कारकून होते. पत्नी वारली, मुलगा इस्राएलला गेला आणि त्याचा फोन क्वचितच येतो. शनिवारी सकाळी सर्वांत आधी येणारा हा माणूस त्या फोटोनंतर सिनेगॉगची पायरी चढलेला नाही. मी खजिनदारांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तिकडचे नातेवाईक पैसे पाठवतात, त्यांना पुरावा लागतो."

दुसरी गोष्ट अशी की, तळमजल्यावरच्या रिकाम्या सभागृहात आजूबाजूच्या चाळींतील आणि पदपथावरील मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवावी, अशी आम्हा पाच जणांची सूचना ज्येष्ठांनी फेटाळली. "आपल्याच माणसांना पुरत नाही, परक्यांचे कुठे काढता?" असे उत्तर मिळाले. आमच्या यादीत एक मावशी आहेत, त्या चिकाचा हलवा असा करतात की कोणी नाव ठेवू नये. त्याही मान खाली घालून पिशवी घेऊन जातात, हे बघवत नाही. सिनेगॉगची झाडलोट करणाऱ्या आणि दारावर बसणाऱ्या चाचांचा पगारही दोन महिने थकला आहे, पण तो विषय वेगळा. राजीनामा देऊन आम्हा पाच जणांची स्वतंत्र संस्था काढावी असे मला वाटू लागले आहे. इस्राएलमध्ये स्थायिक झालेले माझे दोन चुलतभाऊ पैसे द्यायला तयार आहेत. काय करावे?

— एक वाचक, आग्रीपाडा

उत्तर:

प्रिय भगिनी,

राजीनामा आज देऊ नका. त्याची कारणे पुढे येतील. परंतु पत्रातील ज्या वाक्याला तुम्ही 'वेगळा विषय' म्हणून बाजूला सारले आहे, त्याच वाक्यापासून मी सुरुवात करणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या सबंध पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे.

चाचांचा दोन महिन्यांचा पगार थकला आहे. मजुराची मजुरी रात्रभर, म्हणजे दुसऱ्या सकाळपर्यंत, आपल्यापाशी ठेवून घेऊ नये असे आपल्या धर्मग्रंथातील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे, आणि अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात तर सूर्य मावळण्यापूर्वी ती द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, असे कारणही दिले आहे. त्याच ठिकाणी हेही सांगितले आहे की, तो मजूर तुझ्या भाऊबंदांपैकी असो की तुझ्या देशात राहणारा परका असो, नियम एकच. 'आपले' आणि 'परके' हा तुमच्या समितीतला वाद दारावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. समितीपाशी पिशव्यांसाठी पैसे होते आणि चाचांच्या पगारासाठी नव्हते, असे असेल तर त्या पिशव्यांतील काही भाग चाचांच्या पैशांतून भरला गेला, असे मी म्हणेन. हे वाक्य कठोर वाटेल, पण रुग्णालयात समाजसेविका म्हणून तीस वर्षे काढल्यावर, धर्मादाय संस्थांचे शिपाई आणि आया स्वतःच मदतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की मला ते मवाळ करून लिहिता येत नाही.

या सदराच्या इतर वाचकांसाठी येथे एका शब्दाविषयी लिहिते. आपण मराठीत ज्याला दान म्हणतो, त्यासाठी हिब्रूत त्सदाका हा शब्द आहे आणि तो त्सेदेक, म्हणजे न्याय, या शब्दापासून आला आहे. अरबीतून उर्दूत आणि आपल्या मोहल्ल्यांत रुळलेला सदका हा त्याचाच भाऊबंद; चाचांना तो समजावून सांगावा लागणार नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीचे असते, त्याने देणाऱ्याला पुण्य लागते आणि नाही दिले तरी कोणी जाब विचारत नाही. त्सदाका हे देणे आहे. ज्याचे त्याला पोहोचवायचे असते. म्हणून घेणाऱ्याने मिंधे होण्याचे कारण नाही, आणि देणाऱ्याने फोटो काढून घेण्याचेही नाही. वाण्याचे बिल चुकवताना आपण फोटो काढून घेतो का?

आता त्या फोटोविषयी. जेरुसलेमच्या मंदिरात एक गुप्त दालन होते, असे मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहामध्ये नोंदलेले आहे. पापभीरू लोक तेथे गुपचूप पैसे ठेवून जात आणि चांगल्या घरातील पण हलाखीत आलेली माणसे तेथून गुपचूप घेऊन जात. कोणी ठेवले आणि कोणी नेले हे कोणालाच कळत नसे. पुढे बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मोशे बेन मैमोन यांनी देण्याच्या आठ पायऱ्या लावल्या, तेव्हा देणारा आणि घेणारा यांनी एकमेकांना न ओळखणे ही वरून दुसरी पायरी ठरवली आणि उदाहरण म्हणून हेच दालन सांगितले. कुरकुरत देणे ही सर्वांत खालची पायरी. हातात पिशवी देऊन कॅमेऱ्याकडे पाहायला लावणे कोणत्या पायरीवर बसते, ते मला ठरवता आलेले नाही, कारण बाराव्या शतकात कॅमेरा नव्हता.

तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातील मार उकवा नावाच्या गृहस्थाची गोष्ट तुमच्या खजिनदारांना ठाऊक असेल. ते शेजारच्या एका गरीब माणसाच्या दाराच्या खोबणीत रोज चार नाणी ठेवून जात. एके दिवशी, हे कोण करते ते पाहावे म्हणून तो माणूस टपून बसला. त्या दिवशी मार उकवांबरोबर त्यांची पत्नी होती. दार हलताच दोघे पळाले आणि नुकताच विस्तव काढलेल्या एका भट्टीत जाऊन लपले. मार उकवांचे पाय पोळले. पत्नीचे पोळले नाहीत. ते खट्टू झाले, तेव्हा ती म्हणाली की मी घरात सापडते आणि माझी मदत लगेच उपयोगी पडते. म्हणजे तो नाणी देतो, ती शिजलेले अन्न देते. समितीत एकट्याच स्त्री असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून गोष्टीचा हा उत्तरार्धही मुद्दाम लिहिला. पूर्वार्धाचा अर्थ तालमूदनेच सांगितला आहे. दुसऱ्याला चारचौघांत लाज आणण्यापेक्षा माणसाने पेटत्या भट्टीत उडी घेतलेली बरी.

मी हे सगळे निष्कलंक माणसासारखे लिहिते आहे असे समजू नका. मी ज्या रुग्णालयात होते, तेथे एकदा व्हीलचेअर वाटपाचा कार्यक्रम झाला. देणगीदार, फुलांचा गुच्छ, मागे फलक असा सगळा थाट होता. खुर्चीत बसलेल्या एका बाईने पदर पुढे ओढून चेहरा झाकून घेतला. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, पदर बाजूला करा, चेहरा येऊ द्या." तिने पदर बाजूला केला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मी काहीही बोलले नाही. तो फोटो पुढे बरीच वर्षे आमच्या वार्षिक अहवालात येत राहिला.

तेव्हा खजिनदारांवर चिडण्याआधी त्यांचे म्हणणे नीट ऐका. त्यांना पुरावा हवा आहे, आणि ती मागणी अयोग्य नाही. दूर बसलेल्या माणसाने कष्टाचे पैसे पाठवावेत आणि ते कुठे गेले हे विचारू नये, असे कोण म्हणेल? चूक एवढीच की, त्यांनी पुरावा म्हणून हिशेबाऐवजी चेहरे दाखवले. याविषयीही जुना नियम आहे. त्सदाकाचा निधी किमान दोघांनी मिळून गोळा करावा आणि तिघांनी मिळून वाटावा. वाटपाला तिघे का लागतात? कोणाला किती द्यायचे हे ठरवणे म्हणजे निवाडा करणे, आणि पैशांच्या निवाड्याला तीन न्यायाधीश बसतात, म्हणून. एकट्या खजिनदाराच्या खांद्यावर हा भार टाकणे त्यांच्यावरही अन्याय आहे. चेहरे झाकायचे असतात आणि हिशेब उघडे ठेवायचे असतात. तुमच्या समितीत आज नेमके उलटे चालले आहे. मला खात्री आहे की त्या एकवीस फोटोंपैकी एकाही फोटोतून तांदूळ कोणत्या भावाने घेतला ते कळत नाही.

तुम्ही बँकेत आहात, म्हणून पुढची व्यवस्था तुम्हाला सहज जमेल. तिघांची एक उपसमिती नेमावी. नावांची यादी फक्त त्या तिघांपाशी कुलुपात असावी आणि बाकी सगळीकडे त्या घरांचा केवळ क्रमांक लिहावा. लेखापरीक्षकाने मागितली तर मूळ यादी दाखवावी. सार्वजनिक विश्वस्त संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेच लागतात, तेव्हा ही काही नवी कटकट नव्हे. देणगीदाराला जमा रक्कम, किराणा दुकानाचे बिल, घरांची संख्या आणि शिल्लक एवढे एका पानावर पाठवावे. पिशव्या सभागृहात वाटू नयेत. त्याहून चांगले म्हणजे ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे त्या घरांच्या नावे रक्कम जमा करून ठेवावी. माणूस इतर गिऱ्हाइकांसारखा जातो, हवे ते घेतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. गटावरचे जुने फोटो आजच काढून टाकायला सांगा. ज्यांच्या फोनवर ते उतरले आहेत त्यांच्या फोनवर ते राहतील, हे खरे आहे आणि त्याला इलाज नाही.

यातून पिशवीत काय असावे हा प्रश्न निघतो, आणि मला तो फोटोपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. गरजूला 'जे त्याला उणे आहे' ते द्यावे, असे अनुवादाच्या १५व्या अध्यायात म्हटले आहे. जे मला सोयीचे आहे किंवा जे घाऊक बाजारात स्वस्त मिळाले ते द्यावे, असे तेथे म्हटलेले नाही. एकवीस घरांना एकवीस सारख्या पिशव्या, याचा अर्थ कोणीही एकवीस घरांत जाऊन विचारले नाही. पेसाखच्या सणासाठी धान्य देण्याची प्रथा चांगली आहे, ती चालू ठेवा. सणाच्या दिवशी किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, मनुकांचे सरबत नसावे असे कोणत्याच घरी होऊ नये. पण त्या घरांतील एखाद्या वृद्धाला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हवी असेल, तर तुमची तूरडाळ त्याच्या काय कामाची?

येथे माझा जुना धंदा आठवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. मुंबईतील कितीतरी नामांकित, चकचकीत रुग्णालये या नियमाखाली येतात, आणि आपल्या समाजातील संकोची माणसे त्यांच्या दारापर्यंतही जात नाहीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचे असते. नकार मिळाला तर तो लेखी मागायचा आणि वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, ती वेगळीच. वृद्ध माणसाला या रांगांत एकट्याने उभे राहणे जमत नाही. त्याच्याबरोबर कागदांची फाइल घेऊन जाणारे कोणीतरी लागते. तुम्ही पाच तरुण आहात. महिन्यातून एक सकाळ प्रत्येकाने अशा एका माणसाबरोबर काढली, तर पिशवीत मावणार नाही इतके काम होईल. शिवाय महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी त्याचा उपयोग होतो का, याची चौकशी तुमच्यापैकी एकाने अंगावर घ्यावी.

आणि त्या मावशी. मोशे बेन मैमोन यांच्या आठ पायऱ्यांतील सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला बिनव्याजी कर्ज देणे, भागीदारीत घेणे किंवा काम मिळवून देणे, जेणेकरून त्याच्यावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येणार नाही. ज्या बाईच्या हाताला चिकाच्या हलव्याची अशी चव आहे, तिला तुमची समिती पिशवी देते, यासारखी विसंगती नाही. गहू भिजत घालायचे, वाटून चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखर घालून तासन् तास घोटत बसायचे. मुंबईत आज किती घरांत ही चिकाटी उरली आहे? नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या नववर्षाला, अर्धा समाज हलवा विकत घेऊ पाहतो. समितीने त्यांना आगाऊ रकमेसह दहा किलोंची मागणी द्यावी, मोठे पातेले घेण्यासाठी बिनव्याजी पैसे द्यावेत आणि ते हप्त्यांनी परतही घ्यावेत. परत घेणे महत्त्वाचे आहे; कर्ज फेडणारी बाई मान वर करून येते.

आता 'आपले की परके' याकडे वळते. ज्येष्ठांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. आधी घरचे, मग गावचे, मग दुसऱ्या गावचे, असा क्रम परंपरेनेच लावून दिला आहे. १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज चार-पाच हजारांवर आला आहे. मागे राहिलेल्यांत वृद्ध पुष्कळ आणि कमावते थोडे. अशा समितीला काटकसरीची सवय लागली तर तिला कंजूस म्हणू नये. परंतु क्रम लावला याचा अर्थ पुढचे दार बंद केले असा होत नाही. तालमूदमध्येच सांगितले आहे की, ज्यू गरिबांबरोबर गैरज्यू गरिबांनाही पोसावे आणि त्यांच्या आजाऱ्यांचीही विचारपूस करावी, शांततेच्या वाटेसाठी. आणि 'गावचे गरीब' म्हटल्यावर आग्रीपाड्याच्या पदपथावरचे मूल कोणत्या गावचे धरायचे?

तुमच्या ज्येष्ठांना त्यांच्याच आज्या-पणज्यांची आठवण करून द्या. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना गाव शनिवार तेली म्हणत असे, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांचा शनिवार पाळू दिला, एवढेच नव्हे तर त्याच दिवसावरून त्यांना नाव दिले. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले गेले तेव्हा आपली माणसेच त्याला मशीद म्हणत, आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. दारफळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पूरचा, उपास सुटला की दुसऱ्या दिवशी शिळा सण असे. त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचे आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या. माझी आजी त्या दिवशी जिन्याखाली राहणाऱ्या बोहारणीला ताट नेऊन देई आणि मगच नातेवाइकांकडे निघे. आपल्या समाजाचे इतिहासकार केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी काढलेली शाळा आज माझगावला सर एली कदुरी शाळा म्हणून उभी आहे आणि तिच्या बाकांवर बहुतेक मुले इतर समाजांची आहेत. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातील ससून शाळेतही बहुसंख्य मुले मुस्लिमांची. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयात ज्या बायकांची बाळंतपणे केली त्यांची जात-धर्म विचारून केली नाहीत. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तुमच्या ज्येष्ठांनीही अभिमानाने सांगितले असेल की त्या आपल्या. परक्यांची सेवा करणारी माणसे आपली म्हणून मिरवायची आणि परक्यांची मुले तळमजल्यावर नकोत, हे एकमेकांशी जुळत नाही.

एका बाबतीत मात्र मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसमध्ये जे घडले, त्यानंतर मुंबईतील सिनेगॉगच्या दारावर पोलीस बसतात आणि आत जाणाऱ्याची नोंद होते. रोज संध्याकाळी तीस मुलांची तपासणी करून त्यांना आत घेणे मुलांच्याही मनाला बरे नाही. तेव्हा सभागृहाचा हट्ट सोडा. जवळच्या महापालिका शाळेत संध्याकाळी एक वर्ग वापरायला मिळतो का, हे मुख्याध्यापकांना विचारा. मुलेही तेथे ओळखीच्या जागेत असतील. कळव्याच्या वस्त्यांमध्ये गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही ज्यू स्वयंसेवकांची संस्था मुलांच्या शिक्षणाचे आणि जेवणाचे काम सिनेगॉगच्या भिंतींबाहेरच करते. त्यांच्याकडे एकदा जाऊन पाहा. आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, पण वर्षभर ठेवा. उत्साहाने रोज सुरू केलेली आणि मार्चमध्ये बँकांची वर्षअखेर आली की बंद पडलेली अभ्यासिका मी पाहिली आहे. मुले पुढे दोन आठवडे कुलूप लावलेल्या दारापाशी येऊन बसत होती.

स्वतंत्र संस्थेचा विचार का सोडावा, तेही सांगते. तुमचे चुलतभाऊ इस्राएलचे नागरिक असतील, तर ते रक्ताने कितीही जवळचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने विदेशी स्रोत ठरतात. परदेशी भारतीय नागरिकत्वाचे कार्ड खिशात असले तरीही. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला त्यांचा एक रुपयाही घेता येत नाही, आणि नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो. ही नोंदणी मिळण्यासाठी साधारणपणे संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात तिने आपल्या कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. पाच जणांची नवी संस्था तेथवर कधी पोहोचणार? भावाने बहिणीला घरखर्चासाठी पैसे पाठवणे वेगळे, त्याला मुभा आहे. पण ते पैसे तुमच्या खात्यात घेऊन संस्थेकडे वळवण्याची युक्ती कोणी सुचवली तर तुम्ही, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने, ती ऐकूनही घेऊ नये. आणि हाच प्रश्न तुमच्या सिनेगॉगलाही लागू आहे. खजिनदार म्हणतात की तिकडचे नातेवाईक पैसे पाठवतात. ते कोणत्या खात्यात येतात? समितीच्या पुढच्या बैठकीत हा प्रश्न आवाज न चढवता विचारा. फोटोंच्या भांडणापेक्षा या प्रश्नाने समितीचे अधिक भले होईल, आणि तो विचारण्यासाठी तुम्ही समितीत असणे आवश्यक आहे.

बैठकीला जाताना सगळे एकदम मांडू नका. पहिल्या बैठकीत फक्त चाचांचा पगार. थकलेली रक्कम आणि तारीख कागदावर लिहून न्या आणि ठराव होईपर्यंत दुसरा विषय निघू देऊ नका. पूर्वी समाजात मुकादम, चौगुला, गब्बाई असे मानकरी असत आणि पैशांचा हिशेब गब्बाईकडे असे. खजिनदारांना त्या जुन्या मानाची आठवण करून दिलीत तर ते तुमचे ऐकतील असे मला वाटते. त्यांचा हेतू वाईट असल्याचे तुमच्या पत्रात कोठेही दिसत नाही.

राहिले काका. त्यांच्याकडे समितीच्या वतीने माफीनामा घेऊन जाऊ नका, त्याने तो फोटो पुन्हा एकदा त्यांच्या पुढ्यात ठेवल्यासारखे होईल. शुक्रवारी दुपारी, दिवे लावण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी जा. शनिवारी मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमताना तुमच्याकडेही ओढाताण होत असेल. सर्वांत आधी येणारा माणूस नसल्यामुळे प्रार्थना खोळंबते हे त्यांना सांगा, कारण ते खरे आहे. त्सदाका घेऊन जगणाऱ्यानेही आपल्या परीने त्सदाका द्यावी, असा एक नियम आहे. मी तरुणपणी तो वाचला तेव्हा मला निर्दय वाटला होता, आता वाटत नाही. गिरणीतल्या कारकुनाने आयुष्यभर हजेरीपट आणि पगाराचे आकडे लिहिलेले असतात. अभ्यासिकेतल्या मुलांना गणित शिकवायला आठवड्यातून एक संध्याकाळ याल का, असे त्यांना विचारा आणि लगेच उत्तर मागू नका. हातात पिशवी नेऊ नका. न्यायचेच असेल तर मावशींकडून पूर्ण किंमत देऊन घेतलेला पाव किलो हलवा न्या, आणि त्यांनी चहा ठेवतो म्हटले तर नको म्हणू नका.